पायोनियर यानांचे सुटलेले कोडे आणि कृष्ण ऊर्जा

सूर्यमालेच्या बाहेर निघालेली दोन अमेरिकी याने अपेक्षेपेक्षा किंचित मागे पडत आहेत, असे १९८० च्या सुमारास लक्षात आले आणि पुढील तीन दशके या 'किंचित'ने भौतिकशास्त्रज्ञांची झोप उडवली. न्यूटन आणि आइन्स्टाइन यांचा गुरुत्वाकर्षणाचा सिद्धान्त दूरच्या अंतरावर चुकतो काय, विश्व फुगवणारी कृष्ण ऊर्जा यानांच्या गतीवर परिणाम करते काय, असे प्रश्न गंभीर नियतकालिकांतून चर्चिले गेले. २०१२ मध्ये या कोड्याचे उत्तर मिळाले. ते विश्वाच्या टोकाशी नव्हते. यानाच्याच पोटात होते. तरीही 'कृष्ण ऊर्जेमुळे याने रोखली गेली' ही समजूत अधूनमधून डोके वर काढते. म्हणूनच हे प्रकरण मुळापासून समजून घेणे योग्य ठरेल.

दोन जुळी याने

पायोनियर १० हे यान मार्च १९७२ मध्ये आणि पायोनियर ११ हे एप्रिल १९७३ मध्ये फ्लोरिडातील केप कॅनाव्हेरल येथून सोडण्यात आले. मंगळ आणि गुरू यांच्या दरम्यानचा लघुग्रहांचा पट्टा पार करणारे पायोनियर १० हे पहिले यान. डिसेंबर १९७३ मध्ये ते गुरूजवळून गेले. त्याच्या भावंडाने डिसेंबर १९७४ मध्ये गुरूला आणि सप्टेंबर १९७९ मध्ये शनीला भेट दिली. त्यानंतर दोघांचाही परतीचा मार्ग बंद झाला. एक रोहिणी ताऱ्याच्या दिशेने, तर दुसरे जवळपास विरुद्ध दिशेने, अशी ती सूर्यमाला सोडून चालती झाली. दोन्ही यानांवर स्त्री-पुरुषाची आकृती आणि आपल्या सूर्याचा ठावठिकाणा कोरलेली धातूची पट्टी आहे; सर्वसामान्य वाचकांना ही याने आठवतात ती बहुधा त्या पट्टीमुळेच.

शास्त्रज्ञांना मात्र ती आठवतात त्यांच्या साधेपणामुळे. सुमारे २५८ किलो वजनाचे हे यान भोवऱ्यासारखे स्वतःभोवती संथपणे फिरत राहते आणि या फिरण्यामुळेच त्याची दिशा स्थिर राहते. नंतरच्या व्हॉयेजर यानांना तोल सांभाळण्यासाठी वारंवार छोटे धक्के द्यावे लागतात आणि प्रत्येक धक्क्यासरशी गतीच्या हिशेबात थोडी गडबड होते. पायोनियरला महिनोन्‌महिने हात लावण्याची गरज नसे. गुरू आणि शनी मागे टाकल्यानंतर त्याच्यावर सूर्याच्या गुरुत्वाकर्षणाखेरीज सांगण्याजोगे बलच उरले नव्हते. गुरुत्वाकर्षणाचा नियम तपासण्यासाठी यापेक्षा चांगली प्रयोगशाळा त्या काळी दुसरी नव्हती.

मोजले कसे?

यानाचा वेग मोजण्याची पद्धत आपल्या रोजच्या अनुभवातली आहे. फलाटावर न थांबता धडधडत जाणाऱ्या गाडीची शिट्टी जवळ येताना चिरकी आणि दूर जाताना घोगरी वाटते. रेडिओ लहरींचेही तसेच होते. कॅलिफोर्नियातील गोल्डस्टोन, स्पेनमधील माद्रिद आणि ऑस्ट्रेलियातील कॅनबेरा येथील प्रचंड अँटेनांमधून ठराविक कंपनसंख्येची लहर यानाकडे पाठवली जाई. यान ती पकडून परत पाठवी. परतलेल्या लहरीच्या कंपनसंख्येत किती फरक पडला, यावरून यान किती वेगाने दूर जात आहे हे कळे. पाठवणाऱ्या आणि घेणाऱ्या यंत्रणेमागे अणुघड्याळे असल्यामुळे हे मोजमाप विलक्षण काटेकोर असे.

कॅलिफोर्नियातील जेट प्रॉपल्शन लॅबोरेटरी, म्हणजेच जेपीएल या संस्थेतील जॉन अँडरसन हे या नोंदींवर काम करीत होते. यान सूर्यापासून सुमारे २० खगोलीय एककांच्या पलीकडे गेल्यावर, म्हणजे पृथ्वी-सूर्य अंतराच्या वीसपट दूर गेल्यावर, सूर्यप्रकाशाचा दाबही नगण्य होत गेला. आता हिशेब आणि निरीक्षण यांचा मेळ बसायला हवा होता. तो बसेना. सूर्याच्या दिशेने यानाला काहीतरी हळूच ओढत आहे, असे आकडे सांगत होते.

हे 'काहीतरी' किती लहान होते? दर सेकंदाला यानाचा वेग सेकंदाला जेमतेम ०.८७ नॅनोमीटरने कमी होत होता. आपल्या पायाखालील गुरुत्वाकर्षणाच्या मानाने हे सुमारे अकराशे कोटी पटींनी कमी. वर्षभरात वेग सेकंदाला २.८ सेंटिमीटरने घटत होता आणि तोही सेकंदाला सुमारे १२ किलोमीटर वेगाने धावणाऱ्या यानाचा. पण अवकाशात काळ भरपूर असतो. एका वर्षात हा फरक चारशेहून अधिक किलोमीटरचा होतो आणि तीस वर्षांत सुमारे चार लाख किलोमीटरचा, म्हणजे पृथ्वीपासून चंद्र आहे साधारण तितका. एवढी चूक हिशेबात दडवता येत नाही.

अँडरसन, लॉस अलामॉसचे मायकेल मार्टिन निएटो, जेपीएलचेच स्लावा टुरिशेव आणि त्यांचे सहकारी यांनी शक्य त्या साऱ्या पळवाटा तपासल्या. इंधनाची गळती, सौर वारे, घड्याळांतील दोष, संगणक-प्रणालीतील चूक, नेपच्यूनपलीकडील हिमखंडांचे गुरुत्वाकर्षण. एकही कारण पुरे पडेना. अखेर १९९८ मध्ये त्यांनी 'फिजिकल रिव्ह्यू लेटर्स' या नियतकालिकात हा परिणाम जाहीर केला. २००२ मध्ये याच विषयावर सविस्तर प्रबंध आला आणि अन्य संशोधकांनी स्वतंत्रपणे केलेल्या विश्लेषणातही तोच आकडा निघाला. मोजमाप खरे होते. कारण मात्र कोणालाच ठाऊक नव्हते.

कृष्ण ऊर्जा कोठून आली?

१९९८ हेच ते वर्ष. त्याच वर्षी दूरच्या दीर्घिकांमधील अतिनवताऱ्यांची निरीक्षणे करणाऱ्या दोन स्वतंत्र गटांनी जगाला चकित केले. विश्वाचे प्रसरण गुरुत्वाकर्षणामुळे मंदावत असावे, अशी सर्वांची समजूत होती. प्रत्यक्षात ते वाढत्या वेगाने होत असल्याचे दिसले. या वाढत्या वेगामागील अज्ञात कारणाला डार्क एनर्जी, म्हणजे कृष्ण ऊर्जा हे नाव मिळाले. सॉल पर्लमटर, ब्रायन श्मिट आणि अ‍ॅडम रीस यांना या शोधासाठी २०११ चे नोबेल पारितोषिक देण्यात आले. आजच्या अंदाजानुसार विश्वातील एकूण ऊर्जेपैकी ६८ टक्क्यांच्या आसपास हिस्सा तिचा आहे.

एकाच वर्षी दोन अनाकलनीय त्वरणे समोर आल्यावर त्यांची सांगड घालण्याचा मोह न झाला तरच नवल. त्यात भर पडली एका विचित्र योगायोगाची. विश्वाच्या प्रसरणाचा दर सांगणाऱ्या हबल स्थिरांकाला प्रकाशाच्या वेगाने गुणले, तर उत्तर त्वरणाच्या एककात येते आणि ते पायोनियरच्या आकड्याच्या अगदी शेजारी बसते. एक सुमारे ६.६, दुसरा सुमारे ८.७, दोन्ही मीटर प्रति सेकंद वर्गाच्या एक हजार कोटीव्या भागात. विश्वाच्या प्रसरणाशी निगडित संख्या आणि एका अडीचशे किलोच्या यानाची मंदगती इतकी जवळपास असावी, हे पाहून अनेकांनी लेखण्या सरसावल्या. कोणी गुरुत्वाकर्षणाच्या समीकरणात फेरफार सुचवला, कोणी काळाच्या गतीतच बदल होत असल्याचे मांडले, तर कोणी कृष्ण ऊर्जा किंवा कृष्ण द्रव्य सूर्याभोवती दाटले असल्याची कल्पना लढवली.

अशा प्रस्तावांना हसण्याचे कारण नाही. बुधाच्या कक्षेतील अत्यल्प विसंगतीनेच एकेकाळी न्यूटनच्या सिद्धान्ताची मर्यादा दाखवून दिली होती आणि तिचे स्पष्टीकरण १९१५ मध्ये आइन्स्टाइनने दिले. पायोनियर हा नवा बुध ठरेल, ही आशा अगदीच अस्थानी नव्हती.

गणित काय सांगते?

पण कृष्ण ऊर्जेपुरते बोलायचे, तर अडचण पहिल्याच पायरीवर आहे. कृष्ण ऊर्जा वस्तूंना एकमेकांपासून दूर लोटते. तिचा परिणाम पायोनियरवर झालाच, तर यान सूर्यापासून अधिक वेगाने दूर जायला हवे. प्रत्यक्षात ते सूर्याकडे ओढले जात होते. प्रसरणशील विश्वात दूरच्या दीर्घिकांचा प्रकाश लाल रंगाकडे झुकतो; त्याला आपण ताम्रसृती म्हणतो. पायोनियरच्या लहरींतील अनपेक्षित फरक नेमका उलट, निळ्या बाजूचा होता. दिशाच चुकल्यावर आकडे जुळण्याला फारसा अर्थ राहत नाही.

दिशेचा मुद्दा बाजूला ठेवून परिमाणाकडे पाहिले, तर चित्र अधिकच स्पष्ट होते. कृष्ण ऊर्जा सर्वत्र सारखी पसरलेली आहे, पण अतिशय विरळ. तिची घनता वस्तुमानात सांगायची, तर एक घनमीटर जागेत जेमतेम तीन-चार हायड्रोजन अणूंइतकी. सूर्याला केंद्रस्थानी ठेवून ७० खगोलीय एकके त्रिज्येचा गोल कल्पिला, म्हणजे पायोनियर १० जवळपास जेथे पोहोचले होते तेवढा, तर त्या अवाढव्य गोलातील साऱ्या कृष्ण ऊर्जेचे वस्तुमान तीन किलोमीटर व्यासाच्या एका खडकाएवढेही भरत नाही. तिचा यानावरील रेटा मोजला, तर तो निरीक्षणात आढळलेल्या त्वरणापेक्षा सुमारे २५ लाख कोटी पटींनी कमी येतो. तीस वर्षांच्या प्रवासात कृष्ण ऊर्जेने पायोनियरला फार तर १५ मायक्रॉन, म्हणजे माणसाच्या केसाच्या जाडीपेक्षाही कमी सरकवले असेल. हिशेबातील तूट होती चार लाख किलोमीटरची.

कृष्ण ऊर्जेचा प्रभाव जाणवतो तो दीर्घिकांच्या समूहांमधल्या अफाट पोकळीत, कारण तेथे द्रव्य विरळ असते आणि अंतरे कोट्यवधी प्रकाशवर्षांची. सूर्यमाला गुरुत्वाकर्षणाने घट्ट बांधलेली आहे. विश्व फुगते म्हणून आपले घर, पृथ्वी किंवा शनीची कक्षा फुगत नाही.

आणखी एक साक्ष ग्रहांची. सूर्याकडे ओढणारे एखादे सार्वत्रिक बल असते, तर ते यानाला एक न्याय आणि ग्रहांना दुसरा न्याय असे वागले नसते. पायोनियरइतके त्वरण पृथ्वी आणि मंगळावर लागू केले, तर पृथ्वीची कक्षा सुमारे २० किलोमीटरने आणि मंगळाची ७५ किलोमीटरहून अधिक आत सरकली पाहिजे. १९७६ मध्ये मंगळावर उतरलेल्या व्हायकिंग यानांमुळे या दोन कक्षांमधील अंतर शंभर-दीडशे मीटरपर्यंत अचूक ठाऊक आहे. असा कोणताही फरक तेथे नाही. अँडरसन यांच्या गटाने हा मुद्दा १९९८ च्या पहिल्याच निबंधात नोंदवला होता, हे मुद्दाम सांगितले पाहिजे. नवे भौतिकशास्त्र सापडल्याची घाई मूळ संशोधकांपेक्षा इतरांनाच अधिक झाली होती.

जिन्याखालच्या फिती

मग खरे कारण काय? संशय यानाच्या उष्णतेवर होता आणि तो अगदी सुरुवातीपासून होता. १९९९ मध्येच दोन शास्त्रज्ञांनी वेगवेगळ्या टिपणांतून त्याकडे बोट दाखवले होते. मूळ गटाचा आक्षेप असा की, उष्णता काळानुसार कमी होत जाते, पण आढळलेले त्वरण तर स्थिर आहे. वाद मिटवण्यासाठी दोन गोष्टी हव्या होत्या: अधिक वर्षांच्या वेगाच्या नोंदी आणि यानाच्या आतील तापमान, वीजवापर यांचे आकडे. १९९८ च्या निबंधात केवळ १९८७ नंतरच्या नोंदी वापरल्या होत्या. त्याआधीचे सारे १९७० च्या दशकातील चुंबकीय फितींवर होते आणि त्या फिती कोठे आहेत, याचा नीट पत्ता नव्हता.

या प्रकरणातील सर्वांत रंजक, आणि खरे तर सर्वांत चिंताजनक भाग येथे सुरू होतो. टुरिशेव यांना जेपीएलमध्येच एका जिन्याखाली फितींनी भरलेली डझनावारी खोकी मिळाली. पायोनियर मोहिमेचे संचालन करणाऱ्या नासाच्या एम्स केंद्रातील कागदपत्रे आणि नोंदी तर टाकून देण्याच्या बेतात होत्या. तेथील एका माजी कर्मचाऱ्याने जपून ठेवल्यामुळे यानाची दूरमापन माहिती शिल्लक राहिली. कॅनडातील संगणकतज्ज्ञ व्हिक्टर टोथ यांनी या उपक्रमाविषयी ऐकून स्वतःहून टुरिशेव यांच्याशी संपर्क साधला आणि कालबाह्य स्वरूपातील त्या नोंदी वाचणारी प्रणाली तयार केली. कामाला अमेरिकेतील प्लॅनेटरी सोसायटी या हौशी खगोलप्रेमींच्या संस्थेच्या सभासदांनीही आर्थिक हातभार लावला. जिन्याखालची खोकी कोणी साफसफाईत बाहेर काढली असती, तर कदाचित आजही पायोनियरचे त्वरण अनुत्तरित राहिले असते आणि कृष्ण ऊर्जेवरील निबंधांत भर पडत राहिली असती.

साठ-पासष्ट वॅटचा खेळ

सूर्यापासून दूर सौरपट्ट्या निरुपयोगी ठरतात. म्हणून पायोनियरवर प्लुटोनियम २३८ च्या उष्णतेवर वीज निर्माण करणारी चार उपकरणे लांब दांड्यांच्या टोकाला बसवली होती. उड्डाणाच्या वेळी त्यांतून सुमारे अडीच हजार वॅट उष्णता निघे आणि तिच्यातून सुमारे १६० वॅट वीज मिळे. ही वीज यानाच्या मुख्य पेटीतील उपकरणांत खर्च होऊन पुन्हा उष्णताच बने. अवकाशात उष्णता बाहेर पडण्याचा मार्ग एकच: प्रारण. आणि प्रारणाला, म्हणजे प्रकाशकणांना, संवेग असतो. बंदुकीतून गोळी सुटताना खांद्याला धक्का बसतो तसाच, पण कल्पनेपलीकडे सौम्य धक्का उष्णता सोडणाऱ्या वस्तूलाही बसतो.

उष्णता सर्व दिशांना सारखी गेली, तर धक्के एकमेकांना रद्द करतात. पायोनियरची रचना मात्र एकांगी आहे. पावणेतीन मीटर व्यासाची परातीसारखी अँटेना कायम पृथ्वीकडे, म्हणजे जवळपास सूर्याकडे तोंड करून असते. उपकरणांची पेटी तिच्या पाठीशी असते आणि उष्णता सोडण्यासाठी केलेली झडपांची सोय पेटीच्या मागील बाजूस, सूर्याच्या विरुद्ध दिशेला आहे. अणुउपकरणांची काही उष्णताही अँटेनाच्या पाठीवर आपटून मागेच परावर्तित होते. परिणामी थोडी जास्त उष्णता सूर्यापासून दूरच्या दिशेने बाहेर पडते आणि यान सूर्याकडे ढकलले जाते. मोटारीच्या पुढच्या दिव्यांचा प्रकाश मोटारीला मागे रेटतो तसेच हे आहे, अशी उपमा टुरिशेव यांनी दिली होती.

हे पुरेसे आहे का? आढळलेल्या त्वरणाला यानाच्या वस्तुमानाने आणि प्रकाशाच्या वेगाने गुणले, की उत्तर येते सुमारे ६० ते ६५ वॅट. म्हणजे दोन-अडीच हजार वॅटपैकी केवळ अडीच-तीन टक्के उष्णता एका बाजूला अधिक गेली, तरी कोडे सुटते. न्हाणीघरातील साध्या जुन्या दिव्याएवढी ही शक्ती.

२०११ मध्ये विस्तारित नोंदींच्या विश्लेषणातून दिसले की, त्वरण स्थिर नसून वर्षागणिक घटत आहे. जुना आक्षेप तेथेच निकालात निघाला. जर्मनीत ब्रेमेन येथे आणि पोर्तुगालमध्येही संशोधकांनी संगणकावर यानाची प्रतिकृती उभारून उष्णतेचा हिशेब मांडला होता. त्यांचे उत्तरही त्याच दिशेचे होते. २०१२ मध्ये टुरिशेव, टोथ आणि सहकाऱ्यांनी यानाचे तापमान आणि वीजवापराच्या प्रत्यक्ष नोंदींवरून उष्णतेचा धक्का काढला आणि तो वेगाच्या नोंदींवरून मिळालेल्या त्वरणाशी ताडून पाहिला. अनिश्चितता लक्षात घेता दोहोंत फरक उरला नाही. गुरुत्वाकर्षणाचा सिद्धान्त जागच्या जागी राहिला.

शिल्लक प्रश्न

याचा अर्थ यानांच्या गतीविषयी सारेच सुटले असा नाही. पृथ्वीजवळून वळसा घेताना काही यानांच्या वेगात अल्पशी अनपेक्षित वाढ नोंदली गेली आहे. १९९० मध्ये गॅलिलिओ यानाच्या बाबतीत ती सेकंदाला सुमारे ४ मिलिमीटर, तर १९९८ मध्ये निअर यानाच्या बाबतीत १३ मिलिमीटरहून थोडी अधिक होती. २००५ मध्ये रोझेटा यानाला ती आढळली. मात्र त्याच यानाच्या २००७ आणि २००९ च्या फेऱ्यांत, तसेच २०१३ मध्ये जुनो यानाच्या वेळी ती दिसली नाही. तिचे सर्वमान्य स्पष्टीकरण अद्याप नाही. कृष्ण ऊर्जेचा येथेही संबंध पोहोचत नाही, कारण पृथ्वीच्या इतक्या जवळ तिचा परिणाम पायोनियरच्या उदाहरणापेक्षाही कैक पटींनी क्षुल्लक ठरतो.

कृष्ण ऊर्जा म्हणजे नेमके काय, हे कोडे मात्र तितकेच जिवंत आहे. पुण्याच्या 'आयुका'तील दिवंगत शास्त्रज्ञ थाणु पद्मनाभन यांनी २००३ मध्ये विश्वस्थिरांकावर लिहिलेला विस्तृत आढावा या क्षेत्रात आजही संदर्भासाठी वापरला जातो. निर्वात पोकळीलाच ऊर्जा असते आणि तीच विश्वाला लोटते, हे सर्वांत सोपे स्पष्टीकरण; पण सैद्धान्तिक गणिताने येणारी तिची किंमत निरीक्षणाशी कित्येक पटींनी फटकून आहे. अ‍ॅरिझोनातील 'डेसी' या प्रकल्पाने लाखो दीर्घिकांची अंतरे मोजून २०२४ आणि २०२५ मध्ये जे निष्कर्ष जाहीर केले, त्यांत कृष्ण ऊर्जा काळाबरोबर क्षीण होत असल्याचे संकेत आहेत. मात्र शोध म्हणून मान्य होण्यासाठी लागणारी खात्री अजून त्यांना लाभलेली नाही. जुलै २०२३ मध्ये सोडलेली युरोपची युक्लिड ही अवकाश दुर्बीणही याच कामाला लागली आहे.

पायोनियर ११ शी संपर्क १९९५ मध्ये तुटला. पायोनियर १० चा अखेरचा क्षीण संदेश २३ जानेवारी २००३ रोजी मिळाला. त्या वेळी यान पृथ्वीपासून सुमारे १,२२० कोटी किलोमीटर अंतरावर होते आणि संदेशाला येथवर पोहोचण्यास अकरा तासांहून अधिक वेळ लागला होता. मार्च २००६ मध्ये केलेल्या शेवटच्या प्रयत्नाला प्रतिसाद आला नाही. प्लुटोनियमची उष्णता मात्र दर ८८ वर्षांनी निम्मी होते, त्यामुळे दोन्ही याने आजही कोमट आहेत आणि सूर्याकडे होणारा तो सूक्ष्म रेटा, पूर्वीपेक्षा कमी असला, तरी अजून चालूच आहे.